नववी फ्लॉपी वाचता येत नाही

फ्लॉपी १

खट्.

फ्लॉपी आत गेली आणि मशीन दळायला बसलं. दसऱ्याचा दिवस, साल शहाण्णव, सकाळचे दहा. इंदापुरात बारामतीच्या रस्त्याला लागून असलेल्या घराची पुढची खोली. खोलीत एक कॉम्प्युटर, सात खुर्च्या, एक स्टॅबिलायझर आणि दारावर झेंडूच्या तोरणाखाली पत्र्याची पाटी : ‘मनिषा कॉम्प्युटर्स’. कॉम्प्युटर एकच असताना ‘कॉम्प्युटर्स’ कशाला, असं कुणी विचारलं की मनिषा सांगायची, "पाटी एकदाच रंगवायची असते."

टेबलावर पेटी. पेटीत विंडोज नाइन्टी फाइव्ह. जगात लोक ते सीडीवरून घालत होते म्हणे, पण मनिषाच्या मशीनला सीडीचा ड्राइव्ह नव्हता. म्हणून बारामतीच्या ऋषिराज सरांच्या दुकानातून तिनं फ्लॉप्यांची पेटी आणली होती. तेरा फ्लॉप्या, एकीमागून एक घालायच्या. प्रत्येकीच्या लेबलावर हळदकुंकवाचं एकेक बोट होतं. ते काल खंडेनवमीला सासूनं, सारजाबाईंनी, लावलेलं.

"आत्या, बघा, सुरू झालं."

सारजाबाई उंबऱ्यावर बसून आपट्याची पानं वेगळी करत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "किती येळ खाईल?"

"एकीला चार-पाच मिनिटं. बारापर्यंत उरकतंय सगळं."

"मंग मी पुरान शिजाया टाकते. त्याचं आन् माजं संगंच हुईल."

संध्याकाळी पाच वाजता प्रयागबाई यायच्या होत्या.

फ्लॉपी २

प्रयागबाई कोण, हे इंदापुरात कुणी विचारलं नसतं. मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. मनिषा स्वतः त्यांच्या हाताखालून गेलेली. बावड्याहून एसटीनं यायची, आणि गाडी चुकली की बाई तिला वर्गाबाहेर उभी करायच्या. मग पाच मिनिटांनी आत घेऊन आधी पाणी प्यायला सांगायच्या.

गेल्या वर्षी बाईंनी चार मुली मनिषाकडे शिकायला पाठवल्या. शाळेची दहावीची यादीही त्यांच्याच हातून टाइप करून घ्यायची ठरली. एकशे बारा मुली, त्यांची नावं, आईची नावं, जन्मतारखा. तीन आठवडे मुली टाइप करत होत्या. मग एके दिवशी स्वरूपा नावाच्या मुलीला फ्लॉपी रिकामी करायची होती. तिनं ‘पुसा’ची आज्ञा दिली. मशीननं विचारलं, नक्की का? तिनं ‘हो’साठी वायचं बटण दाबलं. फ्लॉपी होती तशीच राहिली आणि हार्डडिस्कवरच्या एकशे बारा मुली गेल्या.

मनिषानं पुसलेलं परत आणायची जी काही युक्ती होती ती केली. पण तोवर दुसऱ्या मुलीनं त्याच जागेवर काहीतरी लिहून ठेवलं होतं. स्वरूपा रडली ती रडलीच, आणि पुन्हा आली नाही. बाईंनी यादी हातानं लिहून पाठवली आणि मनिषाला एवढंच म्हणाल्या, "ज्या यंत्रात एक चूक माफ होत नाही, त्याच्यापुढे मी माझ्या मुली बसवणार नाही."

यंदा चाळीस मुली शिकायला तयार होत्या. बारामतीला क्लास होते, चांगलेही होते, पण रोज पन्नास किलोमीटर जायला कुठल्या मुलीला घरून सोडणार होते? म्हणजे मनिषाकडे नाही तर कुठंच नाही. ती शाळेत जाऊन बाईंना म्हणाली होती, "नवीन विंडोजमध्ये पुसलेलं परत येतं."

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "दाखव. दसऱ्याला पाचला येते. दाखवलंस तर चाळीस मुली तुझ्या. नाही दाखवलंस तर हा विषय बंद."

फ्लॉपी ३

मशीन दळतंय तोवर मनिषानं भाषणाची तालीम केली. समोर प्रेक्षक एकच, तोही पानं निवडणारा.

"बाई, जुन्यात काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करावी लागायची. नव्यात चित्रं आहेत. चित्रावर बाण नेऊन दाबायचं. जुन्यात फाइलीचं नाव आठ अक्षरांत बसवावं लागायचं. नव्यात—"

"आठातच का?" सारजाबाईंनी विचारलं.

"तेवढीच जागा होती."

"मंग माजं नाव बसलं आसतं की. तुज्या सासऱ्याचं न्हाय. त्येंला सगळं लांबलचक लागायचं."

"आत्या, मधी बोलू नका, विसरायला होतं."

"बाई तर मधीच बोलनार. त्या काय माज्यावानी गप बसत्यात व्हय?"

फ्लॉपी ४

आत गेली. बाहेर आली. पुरणाची डाळ चढली.

फ्लॉपी ५

खरं सांगायचं तर मनिषाला थोडं वाईट वाटत होतं, आणि हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

जुन्या सिस्टीमच्या सगळ्या आज्ञा तिला तोंडपाठ होत्या. कुठली फाइल कुठं आहे, ती कशी उचलायची, कुठं ठेवायची, अंधारात विचारलं तरी तिनं सांगितलं असतं. बावड्याच्या धनगरवाड्यातून येऊन तिनं हे कमावलं होतं. तिचा आजा तीनशे मेंढरांमधून आपलं मेंढरू कानावरून ओळखायचा, तशी ती फाइली ओळखायची. आणि आज ती स्वतःच्या हातानं, एकेक फ्लॉपी सारत, ते सगळं मोडीत काढत होती.

उद्यापासून आपल्यालाही काही येत नसणार. हा विचार मनात आला आणि तिला चक्क हसू आलं. का, ते तिलाही कळलं नाही.

फ्लॉपी ६

"मनिषा, ह्यो पट्टा निळा हुतोय त्यो काय?"

"किती झालं ते दाखवतो."

"निम्म्याला आलाय की! गुनाचं हाय तुजं यंत्र."

फ्लॉपी ७

बाहेरून लोक डोकावून जाऊ लागले. वर्तमानपत्रवाला, शेजारचा सायकलवाला, हार घालून निघालेला एक ट्रॅक्टर. ट्रॅक्टरवाला खाली न उतरताच ओरडला, "वहिनी, झालं का?" मनिषानं सात बोटं दाखवली.

फ्लॉपी ८

आली तशी गेली. कुणाचं लक्षही गेलं नाही.

फ्लॉपी ९

वाचता येत नाही.

फ्लॉपी ९

वाचता येत नाही. फ्लॉपी बाहेर काढून पुन्हा घालावी.

फ्लॉपी ९

कर्र. कर्र कर्र. वाचता येत नाही.

फ्लॉपी ९

मनिषानं फ्लॉपी काढून उजेडात धरली. वरून ठीक होती. मग तिनं तिची पत्र्याची सरकती झडप बोटानं बाजूला केली.

आतल्या काळ्या चकतीवर हळद होती. हळदीवर कुंकू. कुंकवावर एक अक्षत.

"आत्या."

"आँ?"

"ह्या फ्लॉपीचं दार उघडलं होतं का तुम्ही?"

सारजाबाई पदराला हात पुसत आल्या. त्यांनी फ्लॉपी पाहिली आणि चेहरा फुलला. "व्हय! आगं, काल पाटावर मांडलं सगळं. कोयता, कुऱ्हाड, मेंढरांची कातर, आन् ह्या तुज्या तेरा. समद्यांस्नी वरनं बोट लावलं. मंग म्हनलं, आज नवमी, निदान नववीची तरी नीट पूजा करावी. हाताळता हाताळता तिचं दार सरकलं. म्हनलं, हितं गाभारा हाय की! मंग गाभाऱ्यात लावायचं सोडून भिंतीला कशाला लावायचं?"

"बाकीच्यांची दारं?"

"न्हाय. येकीचीच. येळ कुठं हुता?"

मनिषा मटकन खुर्चीत बसली. मेंढरं विकून बारा वर्षं झाली तरी ती कातर दर खंडेनवमीला पाटावर असायची, हे तिला माहीत होतं. पाटावर जे चढेल त्याची पूजा मनापासून होणार, हेही माहीत होतं. पेटी पाटावर ठेवली कुणी? तिनंच.

"बिघाडलं का गं काय?" सारजाबाईंचा आवाज खाली आला. "मी तर त्याचं चांगलं व्हावं म्हनून..."

"बिघडलं."

"मंग पुसून टाकू की. ओल्या फडक्यानं—"

"आत्या! हात लावू नका!"

पडद्यावर तेच वाक्य : नऊ नंबरची फ्लॉपी घाला. मशीन थांबलं होतं, वाट बघत. बंद करावं तर पहिल्यापासून सगळं पुन्हा, आणि नववी नाही तर पुन्हा करूनही याच जागी अडायचं.

सारजाबाई हळूच म्हणाल्या, "अक्षत मातुर अखंड हुती."

मनिषाला रागच यायचा होता. पण तो यायच्या आधी हसू आलं, आणि मग ते आवरेना. सारजाबाई आधी घाबरल्या, मग त्याही हसायला लागल्या. डाळ खाली लागली ती त्याच वेळी.

फ्लॉपी ९, बारामतीतली

"हात धुवा आणि इथं बसा," मनिषा म्हणाली. "बटणाला कुणी हात लावायचा नाही. देव आला तरी नाही."

"कुनी लावंल त्याचा हात मोडंन," सारजाबाईंनी शब्द दिला आणि खुर्ची ओढून मशीनपुढं बसल्या.

मनिषा समोरच्या एसटीडी बूथवर धावली. बारामतीला ऋषिराज सरांनी फोन उचलला. सगळं सांगून झालं आणि तिकडून दबकं हसणं ऐकू आलं.

"हसू नका सर. पाचला बाई येणारेत."

"नाही, नाही. हसत नाही. गाभारा म्हणाल्या का?"

"सर!"

"हे बघा मॅडम, ह्या फ्लॉप्या साध्या कॉपीनं उतरत नाहीत. कंपनीनं त्या जास्त भरल्यात, आपल्या मशीनला तशा भरता येत नाहीत. अस्सल नववीच पाहिजे. माझ्या स्वतःच्या पेटीतली देतो. साडेबाराच्या इंदापूर गाडीवर सर्जेराव कंडक्टर आहे, त्याच्या हाती देतो. चालेल?"

गाडीवर पाठवायचं, हे या रस्त्यावर चालतच आलेलं. डबे जातात, औषधं जातात, विसरलेला चष्मा जातो. कंडक्टरच्या हातात दिलं की पोचलंच.

"आणि ड्राइव्हचं डोकं आधी साफ करा," सर म्हणाले. "नाहीतर माझ्या नववीलाही कुंकू लागायचं."

तिनं सफाईची फ्लॉपी स्पिरिट टाकून तीनदा फिरवली. तिसऱ्या वेळी ती स्वच्छ बाहेर आली.

मग फक्त वाट पाहायची होती.

फ्लॉपी ९, वाटेत

एक वाजला. पुरणपोळ्या झाल्या. मशीनपुढं ताट घेऊन दोघी जेवल्या.

दोन वाजले. अडीचला गाडी यायला हवी होती. अडीच वाजले.

वाट बघताना मनिषानं पेटीतलं पुस्तक काढलं आणि ‘पुसलेलं परत आणणे’ हे पान पुन्हा वाचायला घेतलं. या वेळी तिनं खालची बारीक अक्षरंही वाचली. हार्डडिस्कवरून पुसलेलं पडद्यावरच्या कचऱ्याच्या पेटीत जातं, तिथून परत येतं. फ्लॉपीवरून पुसलेलं त्या पेटीत जात नाही. ते जातं ते गेलंच.

तिनं ते दोनदा वाचलं. बाईंना हे सांगायचं का? त्यांना कुठं कळणार होतं? तिनं पुस्तक मिटलं. मग परत उघडलं. मग परत मिटलं.

सव्वातीनला दिव्यानं डोळे मिचकावले. पंखा मंदावला, पडद्यावरची अक्षरं आकसून लहान झाली. सारजाबाई दोन्ही हात जोडून स्टॅबिलायझरपुढं उभ्या राहिल्या. "आत्ता न्हाय रे बाबा. रातच्याला जा. रातच्याला खुशाल जा, आमी आंधारात बसू." स्टॅबिलायझर टक टक करत राहिला. मग पंख्यानं पुन्हा वेग घेतला.

"ऐकलं बघ," त्या म्हणाल्या.

फ्लॉपी ९

चारला दहा कमी असताना रस्त्यावर हॉर्न वाजला, तोही थांबून थांबून, वरातीसारखा. बारामतीची गाडी स्टँडवर न जाता थेट दारात उभी राहिली. तिच्या काचेवर एवढे हार होते की ड्रायव्हरला दिसत कसं होतं हा प्रश्नच होता. सर्जेराव कंडक्टर कपाळभर गुलाल घेऊन खाली उतरले, आणि त्यांच्यामागं निम्मी गाडी उतरली.

"ताई, उशीर झाला. पर माझा इलाज न्हवता! गावागावात गाडीला नारळ. निमगाव केतकीला तर आडवीच धरली, म्हनं हार घातल्याबिगर जाऊ देत न्हाय. मी ओरडून सांगतोय, इंदापूरला नववी आडलीय, नववी आडलीय! तर एक म्हातारा म्हनतो, दहावी तरी पास झाली का?"

गाडीतले सगळे हसले. हा विनोद त्यांनी वाटेत चारदा ऐकला असावा, तरी हसले.

"फ्लॉपी कुठंय?" मनिषानं विचारलं.

"हाय की! बारामतीच्या सायबानं बजावलं, उन्हात ठेवू नका, तापू देऊ नका. म्हनून निमगावापस्नं..." सर्जेरावांनी मागं हात केला. एका बाईनं विड्याच्या पानांची करंडी पुढं केली. वरून ओलं फडकं. फडक्याखाली पानं. पानांत खोवलेली वर्तमानपत्राची पुडी. "एकदम गारेगार!"

पुडी भिजून मऊ झाली होती. सारजाबाईंनी सर्जेरावांकडं अशा नजरेनं बघितलं, जणू आपलं पाप आता दोघांत वाटलं गेलं.

मनिषानं कागद सोलला. आत प्लॅस्टिकची पिशवी होती, तोंडाला चिकटपट्टी लावलेली. पिशवीत फ्लॉपी होती. कोरडी. ऋषिराज सर या रस्त्याला ओळखून होते.

खट्.

सगळी गाडी श्वास धरून उभी. मशीन दळायला लागलं. एकसारखं, गुळगुळीत, मधे कुठं अडखळणं नाही. निळा पट्टा एक बोटभर पुढं सरकला.

"चाललं!" मनिषा ओरडली, आणि रस्त्यावर शिट्ट्या वाजल्या.

फ्लॉपी १०

सर्जेरावांना पुरणपोळी.

फ्लॉपी ११

ड्रायव्हरलाही.

फ्लॉपी १२

गाडी निघाली. करंडीवाली बाई तेवढ्यात आत येऊन पडद्याकडं बघून गेली. जाताना टेबलावर विड्याची दहा पानं ठेवून गेली.

फ्लॉपी १३

साडेचार. शेवटची फ्लॉपी बाहेर आली, आणि दारात प्रयागबाई. अर्धा तास आधी. शाळेतही त्या अशाच यायच्या.

"सोनं घे, मनिषा." त्यांनी आपट्याची पानं तिच्या हातावर ठेवली. मनिषानं पाया पडून घेतलं. सारजाबाईंनी खुर्ची पुसली.

"झालं का तुझं?"

"आत्ता होतंय, बाई. एकदा बंद होऊन चालू होईल."

रीस्टार्ट

पडदा काळा झाला. फार वेळ काळा राहिला. तिघी बघत होत्या.

मग आभाळ आलं. निळं, त्यावर पांढरे ढग.

"आगं बया," सारजाबाई म्हणाल्या. "पर ह्यो ढग पावसाचा न्हवं. आसल्या ढगाखाली आमी मेंढरं खुशाल उघड्यावर बसवायचो."

मशीननं मग जगाचा नकाशा दाखवून घड्याळ कुठल्या गावचं लावू असं विचारलं. इंदापूर नव्हतं, मुंबई होतं, मनिषानं तेच लावलं. पडदा स्वच्छ हिरवानिळा झाला. डावीकडं चार चित्रं. खाली राखाडी पट्टी, आणि त्या पट्टीवर एक बाण सरपटत डावीकडं आला : सुरुवात इथून करा.

"दाखव," बाई म्हणाल्या.

मनिषानं माऊस धरला. सकाळी तालीम केलेलं भाषण कुठं गेलं कुणास ठाऊक. तिचा हात सवयीनं आज्ञा टाइप करायला गेला, पण टाइप करायला जागाच नव्हती. जणू ती पहिल्यांदाच एखाद्या परक्या घरात आली होती. चूल कुठं, माठ कुठं, काही माहीत नव्हतं.

"बाई, मीही हे आजच बघतेय. जरा शोधू द्या."

"शोध."

तिनं शोधलं. एक छोटी फाइल केली, तिच्यात चार ओळी लिहिल्या, ती पुसली. मशीननं विचारलं, कचऱ्याच्या पेटीत टाकू? तिनं हो म्हटलं. कोपऱ्यातल्या पेटीच्या चित्रात कागद दिसू लागले. तिनं पेटी उघडली, फाइल निवडली, परत आणली. फाइल आपल्या जागी येऊन बसली, चार ओळींसकट.

सारजाबाईंनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी नाही. त्यांनी पर्स उघडून एक फ्लॉपी काढली.

"ही यंदाची यादी. बारामतीहून टाइप करून आणलीय. ही पुसून परत आण. खेळातली फाइल मला नको. खऱ्यातली दाखव."

मनिषानं फ्लॉपी हातात घेतली. मिटलेलं पुस्तक शेजारीच होतं. बाई पुस्तक वाचणार नव्हत्या. फाइल गुपचूप आत उतरवून तिथून पुसून दाखवली असती, तर कुणाला काय कळणार होतं?

तिनं फ्लॉपी टेबलावर ठेवली.

"बाई, फ्लॉपीवरून पुसलं तर ते परत येत नाही. आधी मशीनमध्ये उतरवून घ्यायचं, मग काही करायचं. मशीनमधलं परत येतं. फ्लॉपीवरचं नाही."

"म्हणजे इथंही खोड आहेच."

"आहे."

"तुला कधी कळलं?"

"आज दुपारी. बारीक अक्षरांत होतं."

बाईंनी पर्स मिटली. मग त्यांनी शांतपणे विचारलं, "गेल्या वर्षी स्वरूपाला सांगितलं होतंस? आपण फ्लॉपीवर आहोत की आत, ते आधी बघायचं म्हणून?"

सारजाबाईंनी मनिषाकडं बघितलं.

"नाही," मनिषा म्हणाली. "मला ते इतकं पाठ होतं की सांगायचं असतं हेच सुचलं नाही. विचारलं तर वाय दाबायचा, एवढंच शिकवलं होतं मी. चूक तिची नव्हती."

"मला तेव्हाच कळलं होतं," बाई म्हणाल्या. "तुला कधी कळतंय ते बघत होते."

त्यांनी खुर्ची पुढं ओढली. चष्मा पुसला. "सरक. मला बसू दे."

बाईंच्या हातातला माऊस पहिल्यांदा टेबलाखाली पडला. दुसऱ्यांदा बाण पडद्याच्या कडेला जाऊन बसला आणि येईना. "ए, इकडं ये," बाई त्याला दरडावून म्हणाल्या, जशा मागच्या बाकावरच्या मुलीला म्हणत. मनिषानं त्यांच्या हातावर हात ठेवला. मनगट ताठ होतं. "सैल सोडा, बाई."

यादी आत उतरवली. बाईंनी स्वतः ती पुसली. सगळी. आणि पेटीकडं बघत बसल्या.

"आता?"

"आता परत बोलवा."

यादी परत आली. बाईंनी ती उघडून पहिलं नाव बघितलं, शेवटचं नाव बघितलं, मधली तीन बघितली. सगळ्या मुली हजर. मग त्यांनी ती पुन्हा पुसली. पुन्हा आणली. पुन्हा पुसली. पाचव्या वेळी त्या हसत होत्या, मोठ्यानं, दात दाखवून. मनिषानं पाच वर्षांच्या शाळेत हे एकदाही पाहिलं नव्हतं.

"बाई, आता मला," सारजाबाई म्हणाल्या.

"थांबा हो, सारजाबाई! माझं झालेलं नाही."

तोवर सोनं वाटत निघालेली माणसं दारात जमली होती. सायकलवाला, वर्तमानपत्रवाला, ट्रॅक्टरवाला, आणि गाडी डेपोत लावून परत आलेले सर्जेराव. एकेकजण आत येऊन सोनं द्यायचा आणि पडद्याकडं बोट करून विचारायचा, हे काय चाललंय? सारजाबाई सांगायच्या, "बाई सगळ्या पोरींस्नी घालवत्यात आन् माघारी आनत्यात."

फाइलीचं नाव

शेवटी प्रयागबाईंनी माऊस सोडला, तो मनिषाच्या हातात दिला आणि ताठ बसल्या. आता त्या पुन्हा मुख्याध्यापिका होत्या.

"नवी फाइल कर. मुलींची यादी सांगते, घे लिहून. चाळीस."

मनिषानं फाइल केली. मशीननं नाव विचारलं. तिनं सवयीनं आठ अक्षरं मोजायला सुरुवात केली, आणि थांबली.

"बाई, काय नाव देऊ? लांब चालतं आता."

"किती लांब?"

"अडीचशे अक्षरांपर्यंत."

बाईंनी आयुष्यभर नोटिसा काढल्या होत्या, आणि कुठल्याच नोटिशीला फळा पुरला नव्हता. त्यांनी घसा साफ केला. मनिषा इंग्रजी अक्षरांत मराठी उतरवू लागली.

"लिही. गुरुवारी दुपारी दोन ते चार कॉम्प्युटर शिकायला येणाऱ्या मुली..."

"झालं."

"...पाच-पाचच्या गटानं, बावडा आणि निमगावच्या मुली पहिल्या गटात..."

"गाडी थांबवू आमी!" दारातून सर्जेराव म्हणाले.

"मधे बोलू नका. लिही, मनिषा. पहिल्या दिवशी प्रत्येकीनं एक फाइल पुसायची आणि परत आणायची, त्याशिवाय घरी जायचं नाही..."

"झालं, बाई."

"...स्वरूपाला मी स्वतः घेऊन येईन, तिला कुणी काही विचारलं तर गाठ माझ्याशी, कळलं का? प्रश्नचिन्ह दे."

मशीननं ‘टुंग’ केलं.

"बाई, फाइलीच्या नावात प्रश्नचिन्ह घेत नाही हे."

"घेत नाही?" बाईंनी पडद्याकडं असं बघितलं की मनिषाला मशीनची दया आली. मग त्यांनी मान डोलावली. "बरोबर आहे त्याचं. प्रश्न नाहीच तो. काढून टाक."

मनिषानं चिन्ह काढलं. मशीननं नाव मुकाट्यानं घेतलं, सगळंच्या सगळं.

"जागा आहे अजून?"

"थोडी आहे, बाई."

"मग पुढं लिही," प्रयागबाई म्हणाल्या, आणि खुर्ची आणखी जवळ ओढून घेतली.